पेरोनी रोग (शिश्नवक्रता)

पेरोनी रोग : शिश्नाच्या आतील चिवट आवरणात तंतुमय ऊतीचा कठीण चट्टा तयार होऊन ताठरतेच्या वेळी शिश्नाला बाक येणे, हे या विकाराचे मुख्य लक्षण होय. थोडासा नैसर्गिक बाक अनेकांत असतो व तो रोग नव्हे. जन्मजात वक्रतेतही असा चट्टा आढळत नाही. पंधराव्या लूईचे शल्यवैद्य फ्रान्स्वा जीगो द ला पेरोनी (१६७८–१७४७) यांनी १७४३ मध्ये या विकाराचे वर्णन करून बारेज येथील खनिज झऱ्याच्या पाण्याचा उपचार सुचविला. उपचार मागे पडला, नाव मात्र राहिले.

शिश्नात स्पंजासारख्या ऊतीचे दोन दंडगोल असून त्यांत रक्त भरले की ताठरता येते. त्यांभोवतीचे पांढरट आवरण (ट्यूनिका अल्ब्युजिनिया) कोलॅजेन आणि एलास्टिन या प्रथिनांच्या तंतूंनी बनलेले असल्याने ते ताणले जाते, तरी आकार राखते. चट्टा पडलेला भाग ताणला जात नाही, म्हणून शिश्न त्याच बाजूला झुकते. चट्टा बहुधा वरच्या बाजूस असल्याने बाकही बहुतेक वेळा वरच्या दिशेने असतो.

चट्टा कशामुळे पडतो, याचे एकच निर्विवाद उत्तर नाही. सर्वाधिक मान्य उपपत्तीनुसार समागमाच्या वेळी शिश्न वाकून आवरणाला सूक्ष्म इजा होतात, त्या जागी फायब्रिन हे रक्त गोठविणारे प्रथिन साचते, दाह निर्माण होतो आणि टीजीएफ-बीटा या वाढघटकाच्या प्रभावाखाली कोलॅजेन अवाजवी प्रमाणात जमा होते. तथापि अनेक रुग्णांना कोणतीही इजा आठवत नाही आणि इजा झालेल्या सर्वांनाच हा रोग होत नाही. त्यामुळे इजेपेक्षा जखम भरून येण्यातील बिघाड अधिक महत्त्वाचा मानणे सयुक्तिक ठरते. तळहातातील ऊती आकसून बोटे वाकणाऱ्या द्युपुइत्रां विकाराशी असलेला याचा संबंध आनुवंशिक प्रवणतेकडे बोट दाखवितो. वाढते वय, मधुमेह व पुरःस्थ ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया यांचाही संबंध आढळतो. हा रोग संसर्गजन्य नाही आणि तो कर्करोगही नव्हे.

आरंभीच्या अवस्थेत वेदना होतात व बाक बदलत राहतो. साधारण वर्ष-दीड वर्षात वेदना ओसरून बाक स्थिरावतो, काहींत चट्ट्यात कॅल्शियम साचते. आपोआप सुधारणा थोड्याच रुग्णांत होते. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या पूर्वी सर्रास दिल्या जात, पण त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. कोलॅजेनचे विघटन करणारे कोलॅजिनेज हे विकर चट्ट्यात टोचण्यास अमेरिकेत २०१३ मध्ये, चट्टा हाताला लागत असून बाक किमान ३० अंशांचा असलेल्या रुग्णांसाठी, मान्यता मिळाली. समागम अशक्य करणाऱ्या वक्रतेवर शस्त्रक्रिया हा सर्वांत खात्रीचा उपाय असून ती बाक कित्येक महिने स्थिर राहिल्यानंतरच केली जाते.