उंदीर : शत्रू ते साक्षीदार

प्लेगच्या काळातील मराठीत 'उंदीर पडले' एवढे दोन शब्द गाव सोडायला पुरेसे असत. घरात उंदीर मरून पडू लागले की माणसे रानात झोपड्या बांधून राहत. नाशिकजवळच्या भगूर गावी १८९९ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांचे वडील दामोदरपंत याच रोगाने गेले. तेव्हाचा हा मृत्युदूत आज प्रयोगशाळेत माणसाच्या रोगप्रतिकारशक्तीची साक्ष देतो. या प्रवासात आम्हांला एक प्रश्न मध्यवर्ती वाटतो : नव्या औषधाची पहिली सुई कोणाच्या शरीरात टोचायची?

ऑक्टोबर १८९६ मध्ये वॉल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी मारलेल्या प्लेगजंतूंपासून लस तयार केली आणि सशांवर तिची परीक्षा घेतली. परंतु सशाच्या शरीराची ग्वाही माणसाला लागू पडेलच असे नाही. म्हणून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर प्रयोग झाला आणि लस घेतलेल्यांत प्लेगचे प्रमाण कमी आढळले. ते कैदी स्वेच्छेने पुढे आले, असे सांगितले जाते. पण बंदिवानाच्या स्वेच्छेला कितीसा अर्थ असतो?

प्राणी आणि माणूस यांच्यातील ही दरी बुजवण्याचा मार्ग पुढे उंदरातच सापडला. १९८३ मध्ये अमेरिकेत प्रतिकारपेशी जवळजवळ नसलेला उंदीर आढळला. परक्या पेशी नाकारण्याची ताकदच त्याच्यात नव्हती. १९८८ मध्ये तेथील दोन गटांनी अशा उंदरांत मानवी प्रतिकारपेशी रुजवल्या. एचआयव्हीसारखा माणसालाच ग्रासणारा विषाणू या 'मानवीकृत' उंदरांत अभ्यासता येऊ लागला.

तथापि हा साक्षीदारही अपुरा आहे. रुजवलेल्या मानवी पेशी कधी यजमान उंदरावरच उलटतात आणि त्याच्या इतर अवयवांची घडण उंदराचीच राहते. प्राण्याच्या साक्षीवर विसंबण्यातला धोका मार्च २००६ मध्ये लंडनला दिसला. माकडांना निर्धोक ठरलेल्या औषधाने सहा निरोगी स्वयंसेवक अत्यवस्थ झाले. सुदैवाने सहाही जण वाचले.

मानवीकृत उंदराने माणसावरचा धोका कमी केला आहे, संपवलेला नाही. शेवटी कोणीतरी माणूस हात पुढे करतोच. तो हात हाफकिन यांचा होता तसा भायखळ्याच्या कैद्याचाही होता. पहिल्याचे नाव परळच्या संस्थेला लाभले. दुसऱ्याच्या नावाची जागा आमच्या इतिहासलेखनात अजून रिकामीच आहे.