उलटं कोरलेलं नाव

गडाच्या चिऱ्यांवर खिळ्याने ओरखडलेली नावं पाहिली की संताप येतो. पण ‘मी इथवर आलो’ याची खूण ठेवावीशी वाटणं यात गैर काही नाही. गैर आहे ती जागा. या हौसेला चांगली वाट मिळाली ती इंग्लंडातल्या डार्टमूरच्या ओसाड माळावर. चॅगफर्डचा वाटाड्या जेम्स पेरट याने १८५४ साली क्रॅनमियर पूल या आडवाटेच्या, दलदलीच्या जागी एक बाटली ठेवली. जो चालत तिथवर पोचेल त्याने आपलं नावाचं कार्ड तिच्यात टाकायचं. पुढे लोक पत्ता लिहिलेली पत्रं ठेवू लागले आणि मागून येणारा ती टपालात टाकू लागला. म्हणून या छंदाचं नाव लेटरबॉक्सिंग. मग बाटलीच्या जागी डबी आली आणि तिच्यात शिक्के. डबीतला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला डबीतल्या वहीत. १९९८ साली ‘स्मिथसोनियन’ मासिकातल्या लेखानंतर अमेरिकेत हा छंद फोफावला, आणि तिथे स्वतःच्या हाताने कोरलेल्या शिक्क्याला विशेष मान मिळाला.

नसरापूर-वेल्हे रस्त्यावरच्या विंझरला हे परकं वाटायचं कारण नाही. राजगड आणि तोरणा या दोन्ही गडांची ही वाट, आणि शिक्क्याचं मोल या मुलखाने फार आधी पाहिलेलं. भोर तालुक्यातल्या रांझे गावच्या पाटलाच्या बदअंमलाबद्दलचं २८ जानेवारी १६४६ चं पत्र घ्या. त्यावर शिवाजीराजांची अष्टकोनी मुद्रा आहे. कागदावर शिक्का उमटायचा आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे खाली कुणाला एक ओळही घुसडता येऊ नये. एवढी जरब असलेली ती चिमुकली अक्षरं कुणीतरी धातूवर उलटी कोरली होती. त्या कारागिराचा हात मला राजमुद्रेइतकाच महत्त्वाचा वाटतो.

अशाच कोरणाऱ्या हाताने पुढे मराठी मुलखात छपाईही आणली. गीता छापावी ही नाना फडणविसांची इच्छा. इंग्रज वकील मॅलेट याच्या काळात पुण्यातल्या एका तांबटाला तांब्यावर अक्षरं कोरायला शिकवण्यात आलं. नाना गेल्यावर मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी हे काम मनावर घेतलं आणि १८०५ साली मिरजेत ती गीता छापून निघाली. रबराची सोय नंतरची. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक व्हायचं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधकासह तापवून ते टिकाऊ करण्याची युक्ती सापडली, आणि मग रबरी शिक्के होऊ लागले.

आज तांबटाकडे जायला नको, मोठा खोडरबर पुरतो. शाळेत भेंडी-बटाट्याचं ठसेकाम केलेल्याला अर्धी विद्या आलेलीच असते. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने ‘विंझर’ लिहा, कागद खोडरबरावर पालथा घाला आणि नखाने घासा. अक्षरं आपोआप उलटी उतरतात. व-ची उजवीकडची दांडी डावीकडे जाते. आता रेघा सोडून बाकीचं कोरून काढायचं. लिनोकामाची व्ही-आकाराची पटाशी तिरकी धरा आणि वळणावर हात न फिरवता रबर फिरवा. रेघेच्या बुडाशी आत कापू नका. उतार बाहेरच्या बाजूला राहिला तर शिक्का दाबताना रेघ वाकत नाही. देवनागरीत शिरोरेघ मोठा आधार देते, सगळी अक्षरं तिला धरून राहतात. धोका असतो तो अनुस्वाराला. तो एकटा उभा, म्हणून पहिला तुटतो. त्याचं बूड रुंद ठेवा आणि वाटलं तर त्याला शिरोरेघेला चिकटूनच राहू द्या. झ सगळ्यात शेवटी, हात बसल्यावर.

डबी मात्र गडावर नको, हे मी आग्रहाने सांगतो. राजगड २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथला एक दगडही त्यासाठी हलवू नये. विंझरच्या एखाद्या चहाच्या टपरीत किंवा राजगडाच्या पायथ्याशी गुंजवण्याच्या जेवणघरात मालकाला विचारून ती ठेवावी, आणि सुगावा म्हणून पायवाटेवरच्या खुणा लिहून द्याव्यात. डबी स्टीलची, रबरी कडेच्या झाकणाची घ्या. आत वही, शिक्का, पॅड. मावळातला पाऊस सैल झाकणाला दाद देत नाही, तेव्हा वही आणखी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा.