पेन्शनरांचे वाढते आयुष्य मोजायचे कसे?

प्रतिनिधी

गोरेगाव (जि. हिंगोली) : नोव्हेंबर महिना लागला, की सेनगाव तालुक्यातील गोरेगावासारख्या गावांतूनही निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, पोलिस कर्मचारी हयातीचा दाखला देण्याच्या तयारीला लागतात. १० नोव्हेंबर २०१४ पासून 'जीवन प्रमाण' या डिजिटल दाखल्याची सोय झाल्याने बँकेतील रांग काहीशी कमी झाली. पेन्शनरांच्या दृष्टीने हा वर्षातून एकदा उरकायचा सोपस्कार असतो. विमागणिताच्या दृष्टीने मात्र प्रत्येक दाखला ही एक मौल्यवान नोंद आहे. अमुक वयाची व्यक्ती आणखी एक वर्ष जगली, हे त्यातून सिद्ध होते. अशा लाखो नोंदींवरून पेन्शनरांचा मृत्युदर काढला जातो, तो दरवर्षी किती घटतो हे पाहिले जाते आणि पुढील तीस-चाळीस वर्षांत तो किती घटेल याचा अंदाज बांधला जातो. निवृत्तिवेतन हे मरेपर्यंत पाळायचे वचन असल्याने ते किती महाग पडणार, हे या अंदाजावर अवलंबून असते.

दर म्हणजे काय?

गणिताचा पाया साधा आहे. ७० वर्षे वयाचे एक हजार पेन्शनर वर्षभर पाहिले आणि त्यांपैकी ३० जणांचे निधन झाले, तर त्या वयाचा मृत्युदर हजारी ३० झाला. पुढील वर्षी ७० वर्षे वयाच्याच दुसऱ्या एक हजार जणांमध्ये हा दर २९.४ वर आला, तर सुधारणा २ टक्के झाली, असे म्हणतात. ही सुधारणा सलग २० वर्षे टिकली, तर हजारी ३० चा दर जवळपास २० वर येतो. वर्षाला नगण्य वाटणारा फरक एका पिढीत एक तृतीयांश मृत्यू कमी करतो.

येथे दोन प्रकारच्या आयुर्मानांत गल्लत होऊ नये. एखाद्या वर्षाचे सर्व वयांचे दर एकत्र करून काढलेले आयुर्मान हे त्या वर्षापुरते चित्र असते. आज ६० वर्षांचा असलेला माणूस ८० वर्षांचा होईल, तेव्हा त्याला २० वर्षांनंतरचा दर लागू होईल, आजच्या ऐंशीच्या माणसाचा नव्हे. सुधारणा चालू राहिली, तर तो आजच्या तक्त्यातील सरासरीपेक्षा अधिक जगेल. पेन्शनच्या हिशेबात ही दुसरी, पिढीनिहाय पद्धतच योग्य ठरते.

साठीनंतरची वाढ वेगळी

आपल्याकडे आयुर्मानाचा प्रमुख आधार म्हणजे भारताच्या महानिबंधक कार्यालयाची नमुना नोंदणी योजना. निवडक गावांत आणि शहरी भागांत एक स्थानिक नोंदणीकार वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो, दर सहा महिन्यांनी दुसरा कर्मचारी स्वतंत्र पाहणी करतो आणि दोन्ही याद्या ताडून पाहिल्या जातात.

या योजनेच्या तक्त्यांनुसार १९७०-७५ मध्ये भारतीयांचे जन्मवेळचे आयुर्मान ४९.७ वर्षे होते, ते २०१४-१८ मध्ये ६९.४ वर्षांवर गेले. वाढ जवळपास वीस वर्षांची दिसते. मात्र साठी गाठलेल्या व्यक्तीचे सरासरी शिल्लक आयुष्य याच काळात सुमारे १४ वर्षांवरून सुमारे १८ वर्षांवर आले. म्हणजे वाढ केवळ चार वर्षांची. बालमृत्यू आणि तरुणपणीचे मृत्यू घटल्याने पहिला आकडा झपाट्याने वाढला. पेन्शनरांचा संबंध दुसऱ्या आकड्याशी आहे. 'आयुर्मान वीस वर्षांनी वाढले, म्हणून पेन्शनचा बोजा वाढला' हा युक्तिवाद त्यामुळे फसवा ठरतो. त्याच वेळी चार वर्षे ही किरकोळ वाढ नव्हे. चौदा वर्षे द्यायची रक्कम अठरा वर्षे द्यावी लागणे म्हणजे देण्याच्या कालावधीत सव्वापट वाढ.

पेन्शनर हा सर्वसाधारण नागरिकांचा नमुनाही नव्हे. नियमित पगार, औषधोपचाराची ऐपत आणि शिक्षण यांमुळे त्याचा मृत्युदर शेतमजुरापेक्षा कमी असण्याची शक्यता असते. पेन्शनरांतही मोठी पेन्शन घेणारे अधिक जगतात, असा अनेक देशांतील अनुभव आहे. म्हणूनच विमागणितज्ञ दर दोन प्रकारे काढतात. एकदा माणसे मोजून आणि एकदा पेन्शनची रक्कम मोजून. तिजोरीवरील भार दुसऱ्या दरातून अधिक अचूक कळतो. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवांचा तक्ता वेगळा ठेवावा लागतो, कारण स्त्रियांचा मृत्युदर या वयातही पुरुषांपेक्षा कमी असतो.

एक जूनचा जन्म

मराठवाड्यात या मोजणीत एक खास अडचण येते. जन्माची नोंद नसलेल्या मुलाचे नाव शाळेत घालताना गुरुजी अंदाजाने १ जून ही जन्मतारीख लिहीत. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात एका संपूर्ण पिढीचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो आणि ३१ मे रोजी सरकारी कार्यालयांत निरोप समारंभांची गर्दी होते. नियमानुसार महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो.

प्रश्न तारखेपेक्षा वर्षाचा आहे. मुलाला लवकर शाळेत बसवण्यासाठी वय वाढवून लिहिले गेले असेल, तर कागदावरचा ८० वर्षांचा पेन्शनर प्रत्यक्षात ७८ वर्षांचा असू शकतो. अशा नोंदी पुष्कळ असल्या, की ऐंशीच्या वयाचा मृत्युदर खऱ्यापेक्षा कमी दिसतो. याचा पैशाशीही थेट संबंध आहे. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना ८० वर्षे पूर्ण होताच मूळ पेन्शनच्या २० टक्के अतिरिक्त वाढ मिळते. ८५ व्या वर्षी ती ३०, ९० व्या वर्षी ४०, ९५ व्या वर्षी ५० आणि शंभराव्या वर्षी १०० टक्के होते. अतिवृद्धांचा मृत्युदर नेमका माहीत असणे सर्वाधिक गरजेचे आहे आणि नेमका तोच सर्वांत धूसर आहे. नमुना नोंदणीचे तक्तेही ८५ वर्षांपुढील सर्वांना एकाच गटात टाकतात.

दुसरी अडचण गायब होणाऱ्या नावांची. मुलांकडे पुण्याला वा मुंबईला राहायला गेलेला पेन्शनर आपले खाते दुसऱ्या कोषागाराकडे वर्ग करून घेतो. दाखला आला नाही म्हणून थांबलेली पेन्शन, वर्ग झालेली पेन्शन आणि मृत्यूमुळे बंद झालेली पेन्शन यांची नोंद वेगवेगळी ठेवली नाही, तर जिवंत माणूस मृतांत किंवा मृत माणूस जिवंतांत मोजला जातो. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ नुसार मृत्यूची माहिती २१ दिवसांत द्यायची असते. ही नोंद कोषागाराच्या नोंदीशी जुळवली, तर बराच गोंधळ टळतो.

गाव लहान, आकडा डळमळीत

गोरेगावचा किंवा हिंगोली जिल्ह्याचा स्वतंत्र दर काढावा, असे कोणाच्याही मनात येईल. तथापि येथे संख्याशास्त्र आडवे येते. एखाद्या गावात ३०० पेन्शनर आहेत आणि वर्षाला ९ मृत्यू अपेक्षित आहेत, असे उदाहरणादाखल मानू. केवळ योगायोगाने एका वर्षी ३, तर दुसऱ्या वर्षी १५ मृत्यू होऊ शकतात. २ टक्के सुधारणा म्हणजे ९ ऐवजी ८.८ मृत्यू. एवढा सूक्ष्म फरक या चढउतारात दिसणेच अशक्य. एक लाख पेन्शनर आणि ३ हजार मृत्यू घेतले, तरी योगायोगाचा नेहमीचा चढउतार साधारण ५५ मृत्यूंचा असतो आणि सुधारणा ६० मृत्यूंची. म्हणून राज्यपातळीवरील नोंदी आणि अनेक वर्षांची सरासरी यांना पर्याय नाही.

पुढचा अंदाज कसा बांधतात?

भूतकाळ मोजून झाला, की भविष्याचा प्रश्न येतो. अमेरिकेतील रोनाल्ड ली आणि लॉरेन्स कार्टर यांनी १९९२ मध्ये मांडलेली पद्धत जगभर वापरली जाते. प्रत्येक वयाच्या मृत्युदराची सरासरी पातळी, सर्व वयांवर परिणाम करणारा काळाचा एकच निर्देशांक आणि त्याला प्रत्येक वय किती प्रतिसाद देते, या तीन घटकांत ती आकडे विभागते. मग केवळ काळाचा निर्देशांक पुढे नेला, की सर्व वयांचे भावी दर मिळतात. ब्रिटनमधील विमागणितज्ञांची पद्धत थोडी निराळी आहे. अलीकडील सुधारणेच्या दरापासून सुरुवात करून तो हळूहळू एका दीर्घकालीन दराकडे नेला जातो. तो दीर्घकालीन दर गणितातून निघत नाही, तो तज्ज्ञाने ठरवायचा असतो.

अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतात. विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये वृद्धांचे आयुष्य अंदाजापेक्षा वारंवार अधिक वाढले. २०११ नंतर मात्र तेथील सुधारणा अनपेक्षितपणे मंदावली. पाठोपाठ कोविड आला. २०२० चे मृत्यू हिशेबात धरले, तर भविष्य अकारण काळवंडते आणि वगळले, तर साथीचे दीर्घकालीन परिणाम सुटतात. ब्रिटिश तज्ज्ञांनी त्या वर्षाच्या आकड्यांना अंदाजात शून्य महत्त्व दिले. भारतातही २०१६-२० च्या तक्त्यात ७० वर्षांवर पोचलेले जन्मवेळचे आयुर्मान २०१८-२२ च्या तक्त्यात ६९.९ असे नोंदले गेले. पाच वर्षांच्या सरासरीत साथीचा धक्का विरघळतो, हेही ध्यानात घ्यावे लागते.

एकच तक्ता, दोन परिणाम

मृत्युदर घटल्याचा परिणाम प्रत्येक पेन्शनरावर सारखा होत नाही. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्य सेवेत लागलेल्यांसाठी जुनी पेन्शन बंद झाली. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतून निवृत्त होणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला, लहान रकमांचा अपवाद वगळता, साठलेल्या पैशांपैकी किमान ४० टक्के रकमेतून विमा कंपनीकडून ॲन्युइटी, म्हणजे आजन्म ठरावीक उत्पन्न, घ्यावे लागते. कंपनीने आयुष्य जास्त धरले, की हप्ता घटतो. ढोबळ हिशेबाने १० लाख रुपये ७ टक्के व्याजाने १८ वर्षांत संपवायचे, तर वर्षाला सुमारे ९९ हजार ४०० रुपये मिळतात. हीच रक्कम २१ वर्षे पुरवायची, तर सुमारे ९२ हजार ३००. विमा कंपन्या बराच काळ आयुर्विमा महामंडळाच्या १९९६-९८ च्या अनुभवावरील वार्षिकीधारक तक्ता वापरत होत्या. १ एप्रिल २०२१ पासून २०१२-१५ च्या अनुभवावर आधारित नवा तक्ता लागू झाला.

जुन्या पेन्शनरांच्या बाबतीत चित्र उलटे आहे. अंशराशीकरणात पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग एकरकमी मिळतो आणि १५ वर्षांनी पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू होते. हा पंधरा वर्षांचा दंडक 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या निकालाने प्रस्थापित झाला. सध्याचे गुणक सहाव्या वेतन आयोगानंतरचे असून त्यांचा आधार १९९४-९६ चा विमाधारक मृत्यू तक्ता आणि ८ टक्के व्याज हा आहे. ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याचा गुणक ८.३७१ येतो. दरमहा १२ हजार रुपये विकले, तर १२ लाख ५ हजार ४२४ रुपये मिळतात आणि १५ वर्षांत २१ लाख ६० हजार कापले जातात. ८ टक्के व्याज धरले, तर ही रक्कम साधारण साडेतेरा वर्षांत फिटते. उरलेल्या कपातीचे समर्थन एकच. जे मुदतीआधी मरण पावतात त्यांची वसुली तेथेच थांबते आणि ती तूट जिवंत राहिलेल्यांनी भरायची असते. मात्र साठी ते पंचाहत्तरीतील मृत्यू कमी झाले असतील, तर ही तूटही कमी झाली आहे. केरळात पेन्शन १२ वर्षांनी पूर्ववत होते. पेन्शनर संघटनांच्या मागणीला या हिशेबाचा आधार आहे.

आयुष्य वाढले, तर ॲन्युइटीधारकाचा हप्ता घटतो, हे तत्त्व नव्या तक्त्याने अमलात आले. त्याच न्यायाने अंशराशीकरणाचा गुणक वाढायला किंवा कपातीची मुदत घटायला हवी. एका बाजूला नवा तक्ता आणि दुसऱ्या बाजूला तीस वर्षांपूर्वीचा, अशी स्थिती राहिली, तर वाढलेल्या आयुष्याचा खर्च दोन्ही ठिकाणी पेन्शनरच सोसतो. जन्मतारीख, निवृत्तीची तारीख, पेन्शनची रक्कम आणि मृत्यूची तारीख या चार नोंदी राज्यातील प्रत्येक कोषागाराच्या कामकाजात दररोज होत असतात. त्या एकत्र करून, नावे वगळून, दर पाच वर्षांनी महाराष्ट्राच्या पेन्शनरांचा स्वतंत्र मृत्यू तक्ता प्रसिद्ध केला, तर सरकारला आपल्या देण्याचा आणि पेन्शनरांना आपल्या हक्काचा अंदाज एकाच कागदावरून घेता येईल.