घर, शाळा आणि विद्यापीठ : मराठीच्या अध्ययनाची वाट

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला. दुर्ग, रायपूर आणि बिलासपूर मध्य प्रदेशात राहिले. त्याच सुमारास भिलाईत पोलाद कारखान्याची उभारणी चालू होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशभरातून आलेल्या माणसांत मराठी कुटुंबेही होती. मात्र १९२३ साली स्थापन झालेले नागपूरचे विद्यापीठ आता परराज्यात होते.

याच दुर्ग जिल्ह्यात तेव्हा राजनांदगाव मोडत असे. तेथील दिग्विजय महाविद्यालयात १९५८ साली गजानन माधव मुक्तिबोध अध्यापक म्हणून आले. घरची भाषा मराठी असूनही नागपूर विद्यापीठाची एम.ए. पदवी त्यांनी हिंदीत घेतली आणि हिंदी कवितेत युग घडवले. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी व समीक्षक झाले. १९७९ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. एकाच घरातून दोन भाषा समृद्ध झाल्या. लेखनाची भाषा केवळ घर ठरवीत नाही. शिक्षण, सहवास आणि वाचक यांचाही तीत वाटा असतो, हे या दोघांच्या वाटचालीवरून ध्यानी येते.

मराठीला विद्यापीठातील स्थान सहजासहजी मिळाले नव्हते. मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत देशी भाषांना प्रवेश मिळावा, म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी अखेरपर्यंत आग्रह धरला. त्याच काळात आयर्लंडातही असाच झगडा चालला होता. १८९३ साली गेलिक लीगची स्थापना झाली; तिचे अध्यक्ष डग्लस हाइड १९०९ साली डब्लिनच्या विद्यापीठीय महाविद्यालयात आधुनिक आयरिशचे प्राध्यापक झाले. १९१३ पासून तेथील राष्ट्रीय विद्यापीठाच्या प्रवेशासाठी आयरिश अनिवार्य ठरली. पदव्युत्तर अध्ययन, संशोधन, कोश यांची परंपरा उभी राहिली. तरीही २०२२ च्या जनगणनेत शिक्षणक्षेत्राबाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारे ७२ हजारच आढळले. वरचा मजला भक्कम असला, तरी घरातला वापर आटला की भाषा ग्रंथालयात उरते.

भिलाईतील प्रश्न याच्या उलट आहे. येथे घर आहे, शाळा आहे. वरचा जिना मात्र दूर आहे. संविधानाच्या ३५०-क अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचे राज्यांना सांगितले. त्यापुढील वाट समाजालाच चालावी लागते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्या गौरवाचा अर्थ येथे एवढाच, की अभियंता वा डॉक्टर होणाऱ्यांबरोबर एखाद्या मुलीने मराठीत एम.ए. करण्याची इच्छा सांगितली, तर घरातून पहिला प्रश्न ‘पुढे काय?’ असा न येता ‘नागपूरला राहण्याची सोय कशी करायची?’ असा यावा. हीरक महोत्सवी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना ही सोय लावणे अवघड नाही.