नादारीचा कायदा आणि वाशीमचा कर्जदार

मराठी भाषेत कर्ज बुडण्याला दोन शब्द आहेत. व्यापाऱ्याचे ‘दिवाळे’ निघते आणि गरीब ऋणको ‘नादार’ ठरतो. दिवाळे या शब्दाविषयी जुनी समजूत अशी की, देणी भागविणे अशक्य झाले म्हणजे पेढीवाला भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवी आणि त्या दिव्यावरून गाव काय ते ओळखी. त्यात नामुष्की होती खरी. परंतु एक सोयही होती. धनकोंनी एकत्र बसून उरलीसुरली मालमत्ता प्रमाणात वाटून घ्यावी आणि त्या माणसाने काही काळाने पुन्हा धंद्याला लागावे, अशी वाट त्यातून निघे. शेतकऱ्याला असा दिवा लावण्याची सोय नव्हती. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे हा धर्मशास्त्राचा दंडक असल्याने त्याचे कर्ज त्याच्याबरोबर सरणावरही संपत नसे. केवळ या दंडकाच्या आधारे मुलावर दावा चालविण्याची वाट हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरती बंद केली, यावरून तो किती खोल रुजला होता हे ध्यानी यावे. आता नादारीचा कायदा पुन्हा बदलू घातला आहे. अशा वेळी या प्रश्नाचा इतिहास वाशीम जिल्ह्याच्या अनुषंगाने पाहावा, असे आम्हास वाटते.

वाकाटकांच्या काळी वत्सगुल्म म्हणून नावाजलेले वाशीम १८५३ च्या तहाने वऱ्हाडाबरोबर निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. इंग्रजी दप्तरात त्यास ‘बासीम’ म्हणत आणि वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांपैकी तो एक होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व सारापद्धती येथे सुरू झाली. १८६७ साली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. जमिनीवर खातेदाराचे नाव चढले आणि ती विकता वा गहाण ठेवता येऊ लागली. हा शेतकऱ्याचा लाभ होता, परंतु त्यातच पुढच्या संकटाचे बीज होते. पूर्वी सावकाराचा डोळा पिकावर असे, तो आता जमिनीवर गेला. १८६५ साली युद्ध संपले, भाव उतरले, पण चढत्या भावाच्या दिवसांत काढलेली कर्जे उतरली नाहीत.

या अन्यायाचा जाब पहिल्यांदा विचारला गेला तो मात्र वऱ्हाडात नव्हे, दख्खनेत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने गाठली, आणि हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. या दंग्यांचे लक्षात घेण्याजोगे वैशिष्ट्य असे की, लोकांचा मुख्य रोख माणसांवर नसून कागदांवर होता. कर्जरोखे हस्तगत करावे आणि जाळावे, एवढाच बहुतेक ठिकाणी त्यांचा हेतू दिसतो. त्यामागे कारण होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा लावण्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. ऋणकोच्या रक्षणार्थ केलेली ही तरतूद त्याच्याच गळ्याशी आली, कारण सावकार दर तीन वर्षांनी रोखा बदलून घेई आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून लिही.

सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाने रोख्यावरील आकड्यावर न विसंबता व्यवहाराचा आरंभापासून हिशेब तपासावा, शेतकऱ्यास दिवाणी कर्जापायी तुरुंगात टाकू नये आणि पन्नास रुपयांवर देणे असलेल्या शेतकऱ्यास नादारीचा अर्ज करता यावा, अशी त्यात योजना होती. वाशीम त्यात आले नाही. वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे होता, मुंबईकडे नव्हता. येथील शेतकऱ्याला त्याच्यासारख्याच दख्खनी शेतकऱ्याहून निराळा न्याय मिळाला, तो केवळ नकाशावरील एका रेषेमुळे. पुढे १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन भीषण दुष्काळ वऱ्हाडावरून गेले. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांतास जोडले गेले आणि १९०५ साली वाशीम जिल्हाच मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात घातला गेला.

सर्वसाधारण नादारीचा कायदा मोठी शहरे वगळता उर्वरित मुलखासाठी १९०७ साली झाला आणि त्याची जागा १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याने घेतली. मुंबईसारख्या शहरांसाठी १९०९ चा स्वतंत्र कायदा होता. १९२० च्या कायद्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. पाचशे रुपये वा अधिक देणे असलेला, अथवा कर्जापायी अटकेत पडलेला माणूस जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकतो. न्यायालय त्याला नादार ठरवते, त्याची मालमत्ता रिसीव्हरच्या हाती देते आणि ती विकून आलेला पैसा धनकोंमध्ये प्रमाणात वाटला जातो. दिवाणी संहितेने जप्तीतून वगळलेल्या वस्तू, म्हणजे शेतीची अवजारे, गरजेपुरते बैल व बियाणे, शेतकरी स्वतः राहतो ते घर, या त्याच्याकडेच राहतात. पुढे ठरलेल्या मुदतीत त्याने मुक्ततेचा अर्ज करावयाचा, आणि न्यायालयाची खात्री पटली की जुन्या देण्यांतून तो सुटतो. मुदत चुकली तर मात्र नादारीचा हुकूम रद्द होऊन धनको पुन्हा दारात उभे राहू शकतात.

असा कायदा असताना वऱ्हाडातील शेतकरी कर्जातून का सुटला नाही? आमच्या मते उत्तर त्या कायद्यातच आहे. तारण असलेल्या धनकोच्या हक्कास हा कायदा हात लावत नाही. ज्याच्याकडे जमीन गहाण आहे त्याने नादारीची पर्वा न करता आपले तारण वसूल करावे. व्यापाऱ्याची देणी बहुधा पतीवरची, तर शेतकऱ्याचे मोठे कर्ज जमिनीवरचे. त्यामुळे अर्ज करून तो हातउसन्या पैशांतून सुटला तरी शेत जायचे ते जाई. पुष्कळदा तर गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच करून घेतलेले असे. कागदोपत्री कर्जच नव्हते, मग नादारी कशाची?

सरकारला हे उमगले ते जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळल्यावर. १९३३ साली मध्य प्रांताने कर्जतडजोडीचा कायदा केला. तडजोड मंडळापुढे ऋणको व धनको यांनी समोरासमोर बसावे, धनकोने आपले येणे मुदतीत लेखी मांडावे, न मांडल्यास ते फिटले असे समजावे आणि कर्जाचा आकडा ऋणकोच्या ऐपतीत बसेल असा खाली आणून हप्ते बांधून द्यावेत, असे त्याचे स्वरूप होते. यात गहाण कर्जेही येत. १९३४ साली सावकारांवर आणि १९३९ साली कर्जनिवारणाविषयी आणखी कायदे झाले. आम्हास या प्रयोगाचे महत्त्व विशेष वाटते. ऋणकोला येथे कोणी दान देत नव्हते. त्याचा हिशेब त्याच्या देखत, त्याचे म्हणणे ऐकून केला जात होता.

स्वातंत्र्यानंतर वाट बदलली. १९७५ च्या महाराष्ट्र कर्जनिवारण कायद्याने लहान शेतकरी, कारागीर व मजूर यांची सावकारी कर्जे रद्द ठरविली; बँका व सहकारी संस्था त्यातून वगळल्या. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला, आणि थोड्याच वर्षांत त्याचे नाव वर्तमानपत्रांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांतून येऊ लागले. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यात वाशीम होते. २००८ ची केंद्राची कर्जमाफी आली, पण पूर्ण माफीस दोन हेक्टरांची मर्यादा होती. कोरडवाहू मुलखात पाच-सात एकरांचा धनी कागदावर मोठा दिसतो, घरात मात्र नाही. २०१७ साली राज्याने दीड लाखापर्यंत आणि २०१९ साली दोन लाखांपर्यंत माफी दिली. या माफ्यांनी अनेक घरांना श्वास मिळाला हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि माफी एका तारखेला येते. त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे कर्ज काढणारा, किंवा सावकाराकडून घेणारा, बाहेर राहतो. ती मागावी लागते, वाट पाहावी लागते. नादारी हा हक्क आहे. तो ज्याचा त्याने, आपल्या अडचणीच्या वर्षी, बजावावयाचा असतो.

म्हणूनच २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेकडे आमचे लक्ष लागले. तिचा तिसरा भाग व्यक्तींसाठी आहे. देणेकऱ्याने फेडीची योजना मांडावी. मूल्याने तीन-चतुर्थांशांहून अधिक धनकोंनी मान्य केल्यास ती सर्वांवर बंधनकारक व्हावी. ते न जमल्यास दिवाळखोरी, आणि साधारणतः एका वर्षात मुक्तता, असा क्रम आहे. अगदी गरिबांसाठी ‘नवा आरंभ’ अशी निराळी तरतूद आहे. तथापि १ डिसेंबर २०१९ पासून हा भाग केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागू झाला आहे. इतरांसाठी तो अद्याप अमलात आलेला नाही, आणि तोवर १९२० चाच कायदा जिवंत आहे.

या नव्या आरंभाच्या अटी वाशीमच्या अंगणात उभे राहून वाचाव्यात. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, बिनतारणी कर्ज ३५,००० पर्यंत; आणि अर्जदाराच्या मालकीचे राहते घर नसावे. शहरात भाड्याच्या खोलीत राहणारा यात बसेल. मानोरा वा मालेगाव तालुक्यातील मजुराची स्वतःची मातीची दोन खणांची झोपडी असते, आणि तेवढ्यानेच तो अपात्र ठरेल! जुना कायदा शेतकऱ्याचे घर वाचवीत होता; नव्या तरतुदीत तेच घर त्याच्या आड येते. पीककर्जाचा बोजा सातबाऱ्यावर चढलेला असल्याने तेही कर्ज यात धरले जाणार नाही. बायकांच्या गटांना मिळणारी लहान कर्जे बिनतारणी असतात खरी, परंतु दोन-तीन कंपन्यांची मिळून ती ३५,००० च्या पुढे सहज जातात. शिवाय अर्ज जिल्हा न्यायालयात नव्हे, तर कर्जवसुली न्यायाधिकरणापुढे चालावयाचा आहे. विदर्भात ते नागपूरला आहे.

कर्जास शेवट असावा हा विचार नवा नाही. जुन्या करारातील अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी ऋण सोडून देण्याची आज्ञा आहे, आणि सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला उसने देण्यास हात आखडू नये असा इशाराही तेथेच आहे. माफीने पतपुरवठा आटतो ही बँकांची तक्रार म्हणजे त्याच भीतीचे आजचे रूप होय. भीती खोटी नव्हती. ऋण देणे थांबू नये म्हणून पुढे हिल्लेल या यहुदी धर्मगुरूला रोखे न्यायालयाच्या स्वाधीन करण्याची तोड काढावी लागली. दोन्ही बाजू सांभाळणारा कायदा करणे कठीण आहे, परंतु १९३३ च्या मंडळांनी तसा प्रयत्न याच मातीत केला होता. ते सूत्र नव्या कायद्यात यावे, घराची अट जावी आणि सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावी, एवढी मागणी तो लागू होण्यापूर्वीच आपण केली पाहिजे.

तोवर जे आपल्या हाती आहे ते करावे. प्रत्येक घराने आपल्या सर्व देण्यांची एक वही ठेवावी : कोणाचे, किती, कोणत्या दराने, तारण काय. हप्त्याची पावती घेतल्याशिवाय पैसा देऊ नये. कर्जाच्या बदल्यात खरेदीखतावर सही करू नये. आणि बेकायदा सावकारीत जमीन गेलीच असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्यान्वये जिल्हा निबंधकाकडे ती परत मागता येते, हे ध्यानात ठेवावे. जामीन राहण्यापूर्वी ते कर्ज आपलेच आहे असे समजून विचार करावा. केवळ फेडण्याची ऐपत नाही म्हणून कोणास तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगितले आहे. तेव्हा वसुलीवाल्याच्या धमकीने घाबरू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नादारीचा अर्ज हा अप्रतिष्ठेचा कागद नव्हे. कर्जापायी जीव देण्याचा विचार ज्याच्या मनात आला असेल, त्याच्या घरी जाऊन हे एवढे सांगण्याचे काम आपल्यापैकी कोणीही करू शकतो, आणि त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.