दीड लिटरचं नातं

एम. जी. म्हटलं की आमच्या पिढीच्या पुणेकराला कॅम्पातला रस्ता आठवतो आणि मुंबईकराला फोर्टातला. हल्लीच्या मुलांना मोटार आठवते. 2019 पासून ती गुजरातेत हालोलला तयार होते आणि त्या नावाचे मालक चिनी आहेत. मला मात्र ही दोन अक्षरं ऐकली की दोन पाय आठवतात.

हे पाय ऑक्सफर्डजवळच्या एका गावात, एका शेडमध्ये, मोटारीच्या पोटाखालून बाहेर आले होते. माझा भाचा तिकडे राहतो आणि पाय त्याच्या शेजाऱ्यांचे. भाचा वाकून म्हणाला, "हे माझे मामा, इंडियाहून आलेत." पाय म्हणाले, "छान! त्यांना म्हणावं, नऊ-सोळांशचा पाना द्या." मोरीवर नळ दुरुस्त करणारे आमचे अण्णाही जावयाचं स्वागत असंच करायचे, त्यामुळे मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

पंच्याहत्तरी उलटलेल्या या आजोबांची गाडी 1965 सालची एम.जी.बी. दोन माणसांची, कापडी टपाची, लाल. तिच्या खाली कायम एक पत्र्याचा ट्रे. मी म्हटलं, "ऑइल गळतंय." ते म्हणाले, "गळतंय म्हणजे आत आहे. गळायचं थांबलं की काळजी करायची." हा युक्तिवाद मी आमच्या घराच्या गच्चीसाठी लगेच पाठ करून ठेवला.

एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डला सायकली दुरुस्त करणाऱ्या विल्यम मॉरिसने मोटारी काढल्या, पुढे तो लॉर्ड नफिल्ड झाला. त्याच्या गॅरेजात 1922 साली सेसिल किंबर मॅनेजर झाला. हा गृहस्थ मालकाच्या साध्यासुध्या, संसारी मॉरिस गाडीची चेसिस घ्यायचा, तिच्यावर ऐटबाज बॉडी चढवायचा आणि इंजिनात काही चिमटे काढायचा. 1929 साली हा उद्योग ॲबिंग्डनला गेला. 1941 साली वरिष्ठांनी किंबरला नारळ दिला, आणि फेब्रुवारी 1945 मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनातल्या रेल्वे अपघातात तो गेला. मोटारीच्या माणसाला मरण आगगाडीत यावं! त्याच वर्षाच्या शेवटी एम.जी. टीसी बाजारात आली. ब्रिटनला तेव्हा डॉलरची चणचण होती आणि निर्यात करील त्यालाच सरकार पोलाद देई. टीसीचं स्टिअरिंग उजवीकडेच असायचं. तरीही उलट्या बाजूने चालणाऱ्या अमेरिकनांनी ती डोक्यावर घेतली.

या टीसीच्या इंजिनाची एक गंमत आजोबांनी मला तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा स्वतःच हसले. ज्या कारखान्यात मॉरिसची इंजिनं व्हायची तो मुळात हॉचकिस नावाच्या फ्रेंच कंपनीचा. पहिल्या महायुद्धात ती मशीनगन बनवायला कॉव्हेंट्रीला आली होती, 1923 साली मॉरिसने तो कारखाना विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, म्हणून बोल्टचे आटे मिलिमीटरचे. पण इंग्रज मेकॅनिकच्या पेटीत पाने व्हिटवर्थ मापाचे, म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थ ठेवली! पाना चपखल बसतो, आणि दुकानातून आणलेला नवा बोल्ट मात्र काही केल्या आत जात नाही.

एस.यू. कार्ब्युरेटरचा इतिहासही असाच. एस.यू. म्हणजे स्किनर्स युनियन. हे स्किनर जोड्यांच्या दुकानदारांचं घराणं. त्यांच्या सुरवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये हवेचा भाता चक्क चामड्याचा होता. आणि विजेच्या सामानाबद्दल तर विचारूच नका. जोसेफ लुकासला अंधाराचा राजपुत्र म्हणण्याचा विनोद इंग्लंडात इतका जुना झालाय की तो आता वारशात मोजतात.

आजोबांचं खरं कसब कार्ब्युरेटरपाशी. एम.जी.बी.ला एस.यू. दोन. दोन्हींनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाहीतर गाडी धापा टाकते. ते रबरी नळीचं एक टोक कानात धरतात, दुसरं आधी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडचा फुसफुसाट एका सुरात येईपर्यंत स्क्रू पाव पाव फेरा पिळायचा. तानपुरे जुळवतात ना, तसं. त्यांनी नळी माझ्या कानाला लावली. मला फरक कळेना, त्यांच्या नातीला मात्र पटकन कळला.

भांडण तिथंच होतं. आजोबांच्या बोटांत आता पाना ठरत नाही आणि गाडी नातीकडे जायची आहे. तिला हवा फोर्ड सिएराचा पाच गिअरचा गिअरबॉक्स, कारण मूळच्या चार गिअरवर मोटरवेला इंजिन नुसतं किंचाळतं. आजोबांचं म्हणणं, ॲबिंग्डनहून आली तशीच राहील. या छंदात हे दोन पंथ जुनेच आहेत. अमेरिकन नियमांसाठी कंपनीने 1974 साली काळे रबरी बंपर लावले आणि गाडी दीड इंच उंच केली. ते काढून पुन्हा क्रोमचे बसवणारा एक पंथ; काळे तर काळे, पण मूळचे म्हणून जपणारा दुसरा. केन कॉस्टेलोने तर तिच्यात रोव्हरचं व्ही-8 बसवलं. अ‍ॅल्युमिनियमचं असल्यामुळे मूळच्या बिडाच्या इंजिनापेक्षा ते फारसं जडही नव्हतं. मग 1973 साली कंपनीनेच तोच कित्ता गिरवला.

मी न राहवून म्हटलं, "पण किंबरसाहेबांनी तरी काय केलं? दुसऱ्याच्या गाडीत फेरफारच ना?" नात खूश झाली. आजोबा बराच वेळ एकच नट पुसत राहिले. या गाडीला वेगळी चेसिस नाही, दारांखालच्या पोकळ पेट्यांवरच सगळा भार, आणि गंज नेमका तिथंच. त्या पेट्या त्यांनी स्वतः कापून बदलल्यात. कापताना बॉडी वाकू नये म्हणून दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी ठोकून. जुन्या साच्यांवरून अख्खी नवी बॉडी 1988 पासून मिळू लागली, ती त्यांनी घेतली नाही. मूळचा पत्रा तरी किती उरलाय, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"गिअरबॉक्स बसव," ते शेवटी म्हणाले. "जुना फेकायचा नाही. फडक्यात बांधून माळ्यावर ठेवायचा." बॅटरीवर चालणारी मोटर बसवण्याचा विषय नातीने हळूच काढला, तेव्हा मात्र मी आजोबांच्या बाजूला गेलो. नळी मग कशाला लावायची?

चहाला बसलो तेव्हा मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. एम.जी.बी.ची आधीची बहीण एम.जी.ए. 1955 सालची, तिचं इंजिन 1489 सीसीचं. आमच्या अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षं होतं ते याच घराण्यातलं, याच मापाचं. ट्रायम्फ स्पिटफायरची चेसिस हेराल्डवरून काढलेली, आणि हेराल्ड तर मद्रासला बनायची. आजोबांनी कप खाली ठेवला.

"तुमच्याकडे ते इंजिन कशासाठी वापरायचे?"

"मंत्र्यांना आणि लग्नाच्या वऱ्हाडाला न्यायला," मी म्हटलं. "एका गाडीत नऊ जण. 2014 सालापर्यंत बनत होती."

"आणि भंगारात अशी किती असतील?" असं विचारताना त्यांनी खिशातून वही आणि पेन्सिल काढली होती.