चित्राखालचे नाव

रानफुलांचे फोटो काढण्याचा छंद आता गोव्यात चांगलाच रुजला आहे. कचेरीला सुट्टी असली की मीही पावसाळ्यात सड्यावर जातो. पण झाडाफुलांचे चित्र काढून त्याखाली आपल्या लिपीत नाव लिहिण्याची परंपरा जवळजवळ साडेतीनशे वर्षांची आहे आणि तिचे एक मूळ गोव्यात आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

इथल्या वनस्पतींवरचा गार्सिया द ओर्ताचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. पणजीतली बाग त्याच्याच नावाची. त्याने औषधी वनस्पतींची बारकाईने चर्चा केली, पण ग्रंथात चित्रे नव्हती.

ती आली ‘होर्तुस मलबारिकुस’मध्ये. कोचीचा डच गव्हर्नर व्हान रीड याने तयार करवून घेतलेला हा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमहून बारा खंडांत निघाला. माहिती पुरवणाऱ्यांत केरळी वैद्य इट्टी अच्युतन होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट हे तीन कोकणी वैद्यही होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज छळाला कंटाळून गोवा सोडलेल्यांच्या समाजातले हे लोक. त्यांनी दिलेली नागरी लिपीतली कोकणी साक्ष पहिल्याच खंडात छापलेली आहे. चित्रांवर रोमन, मल्याळम आणि अरबी लिपींबरोबर नागरीतही नावे आहेत. पुढे लिनियसने अनेक वनस्पतींसाठी याच चित्रांचा आधार घेतला.

आपली शेरवड त्या ग्रंथात ‘बेलिला’ आहे, तर कळलावी ‘मेंदोणी’. शेरवडीचे पांढरे ‘पान’ म्हणजे तिच्या फुलाचेच मोठे झालेले बाह्यदल. खरे फूल नारिंगी, इवलेसे. फोटोत हे सारे दिसते, फक्त नाव दिसत नाही.

गोव्यात ही नावे आजवर टिकवली ती माटोळीने. चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानफुले-फळे बांधायची तर ती ओळखून रानातून आणावीच लागतात. पण आता माटोळीचे सामान बाजारातून येते आणि मुलांना त्यातली चार नावेही सांगता येत नाहीत.

म्हणून वाचकहो, एकच विनंती. फुलाचा फोटो जरूर काढा, फूल मात्र खुडू नका. आणि बाजारात माटोळी विकायला बसलेल्या मावशीला त्याचे नाव विचारून ते फोटोखाली लिहा. शास्त्रीय नाव पुस्तकात केव्हाही सापडेल. मावशीने सांगितलेले नाव तिच्यामागून कोण सांगणार?